रक्तवाहिन्यांचे चित्रण आणि त्यांच्या वाटेने उपचार

क्ष-किरणांनी घेतलेल्या हाताच्या छायाचित्रात हाडे स्पष्ट उमटतात. रक्त मात्र दिसत नाही. याचे कारण साधे आहे. क्ष-किरण अडवण्याची पदार्थाची शक्ती त्याच्या घनतेवर आणि त्यातील मूलद्रव्यांच्या अणुक्रमांकावर अवलंबून असते. हाडात कॅल्शियम व फॉस्फरस असल्यामुळे ते किरण अडवते. रक्त, स्नायू, यकृत, आतडे यांत मात्र बव्हंशी पाणीच असते. त्यामुळे त्यांची छाया एकसारखी करडी पडते आणि मांसातून जाणारी रक्तवाहिनी वेगळी ओळखता येत नाही. हृदयाकडून रक्त नेणारी ती रोहिणी व हृदयाकडे रक्त परत आणणारी ती नीला. या वाहिन्यांचे चित्र हवे असेल तर त्यांतील रक्तात क्षणभर तरी क्ष-किरण अडवणारा एखादा पदार्थ मिसळावा लागतो. अँजिओग्राफी म्हणजेच रक्तवाहिनीचित्रण या तंत्राचे मर्म एवढेच आहे. ते निर्धोकपणे साधण्यास मात्र अर्धशतकाहून अधिक काळ लागला, आणि त्या काळात रुग्णांना मोठी किंमत मोजावी लागली.

रंटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध १८९५ च्या नोव्हेंबरात लावला. त्यानंतर काही आठवड्यांतच, १८९६ च्या जानेवारीत, व्हिएन्ना येथे हाशेक व लिंडेन्थाल यांनी शरीरापासून वेगळ्या झालेल्या एका हाताच्या रोहिण्यांत चुना, हिंगूळ व पेट्रोलियम यांचे मिश्रण भरून त्यांचे छायाचित्र घेतले. त्यासाठी ५७ मिनिटे क्ष-किरण सोडावे लागले. चित्र सुरेख आले. पण ते मिश्रण जिवंत माणसाच्या अंगात घालणे अशक्य होते. पदार्थ किरण अडवणारा हवा, पण विषारी नको. रक्तात मिसळणारा हवा, पण रक्त गोठवणारा नको. आणि काम झाल्यावर तो शरीराबाहेर पडला पाहिजे. या अटी एकत्र पुऱ्या करणारा पदार्थ लवकर सापडला नाही.

लिस्बन येथील मज्जाविकारतज्ज्ञ एगास मोनिझ यांनी मेंदूतील गाठींचे स्थान कळावे म्हणून मानेतील रोहिणीत प्रथम स्ट्राँशियम ब्रोमाइडाचा द्राव टोचून पाहिला. त्यांचा एक रुग्ण दगावला. मग त्यांनी सोडियम आयोडाइड वापरले आणि २८ जून १९२७ रोजी जिवंत माणसाच्या मेंदूतील रोहिण्या प्रथमच छायाचित्रात उमटल्या. १९२९ मध्ये त्याच शहरातील शल्यचिकित्सक रेनाल्डो दोस सांतोस यांनी पाठीतून कण्याच्या डाव्या बाजूने लांब सुई घालून ती थेट उदरातील महारोहिणीत नेली आणि पोटातील व पायांतील रोहिण्यांची चित्रे घेतली. ही कृती वाचतानाही अंगावर काटा येतो; तरी पुढे कित्येक वर्षे ती अनेक रुग्णालयांत नित्य चालू होती.

आयोडाइडाचे द्राव रोहिणीत जाताच तीव्र वेदना होत. म्हणून १९३० च्या सुमारास थोरोट्रास्ट हे नवे द्रव्य आले तेव्हा त्याचे मोठे स्वागत झाले. थोरियम डायॉक्साइडाचे सूक्ष्म कण त्यात तरंगत असत. थोरियमाचा अणुक्रमांक ९० असल्यामुळे चित्रे अत्यंत ठळक येत. रुग्णाला वेदना होत नसत व तात्काळ कोणताही अपाय दिसत नसे. परंतु थोरियम किरणोत्सर्गी आहे, आणि हे कण शरीराबाहेर पडतच नाहीत. यकृत, प्लीहा व अस्थिमज्जा यांतील भक्षक पेशी ते गिळून तेथेच साठवून ठेवतात. थोरियमाचा अर्धायुकाल सुमारे १,४०० कोटी वर्षे आहे. म्हणजे रुग्णाच्या दृष्टीने तो मारा अखंडच. वीस-तीस वर्षांनंतर या रुग्णांत यकृताचे दुर्मिळ कर्करोग आणि रक्ताचे कर्करोग दिसू लागले. द्रव्य किरणोत्सर्गी आहे हे प्रारंभापासून ठाऊक होते आणि त्याविषयी इशारेही दिले गेले होते. तरी चित्राचा ठळकपणा आणि रुग्णाची तात्पुरती सुखावस्था यांपुढे ते फिके पडले. १९५० नंतर त्याचा वापर थांबत गेला.

अखेरीस टिकले ते आयोडीनच. त्याचा अणुक्रमांक ५३. ते सेंद्रिय रेणूत पक्के बांधून दिले असता रक्तात मोकळे होत नाही, आणि मूत्रपिंडे थोड्याच तासांत ते गाळून बाहेर टाकतात. तथापि या द्रव्यांची संहती रक्ताच्या पाच ते आठ पट असे. रोहिणीत ती जाताच पेशींतून पाणी ओढले जाई आणि रुग्ण आगडोंब उसळल्याप्रमाणे कळवळत असे. स्वीडनमधील क्ष-किरणतज्ज्ञ टॉर्स्टन आल्मेन यांना समुद्रात पोहताना पाणी जितके खारट तितके डोळे अधिक चुरचुरतात या नित्याच्या अनुभवावरून या वेदनेचे कारण उमगले, असे सांगितले जाते. पाण्यात विद्युत्भारित कणांत न फुटणारा आयोडीनयुक्त रेणू बनवावा, म्हणजे कणसंख्या निम्मी होईल, असा विचार त्यांनी १९६९ मध्ये मांडला. आज वापरात असलेली बहुतेक छायाद्रव्ये याच विचाराची अपत्ये आहेत. रुग्णाला आता केवळ उबदारपणाची एक लाट अंगातून गेल्याचा भास होतो.

सुई, तार आणि नळी

द्रव्याचा प्रश्न असा सुटत असताना दुसराही प्रश्न होता: ते नेमक्या रोहिणीत पोचवायचे कसे? महारोहिणीत द्रव्य सोडले तर पोटातील सगळ्याच शाखा एकदम भरतात व चित्रात एकमेकींवर पडतात. केवळ यकृताची किंवा केवळ मूत्रपिंडाची रोहिणी पाहावयाची असेल, तर तिच्या मुखापर्यंत बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, नेला पाहिजे. कॅथेटर सुईच्या पोकळीतून आत सारावयाचा तर सुई कॅथेटरपेक्षा जाड हवी, आणि जाड सुईने रोहिणीला पडलेले भोक बुजत नाही. शस्त्रक्रियेने रोहिणी उघडी करावी, तर प्रत्येक तपासणी ही एक शस्त्रक्रियाच होऊन बसते.

ही कोंडी स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का रुग्णालयातील स्वेन इव्हार सेल्डिंगर या तरुण डॉक्टरांनी फोडली. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची युक्ती इतकी साधी आहे, की ती आधी कोणाला सुचली नाही याचेच आश्चर्य वाटते. जांघेतील रोहिणीत बारीक सुई टोचावी. सुईतून एक लवचिक तार आत सरकवावी. तार तशीच ठेवून सुई काढून घ्यावी. मग तारेवरून, दोऱ्यात मणी ओवावा तसा, कॅथेटर आत ढकलावा आणि शेवटी तार काढून घ्यावी. सुईने पाडलेले भोक कॅथेटरच्या जाडीने अगदी बंद होते. आजचा नेहमीचा कॅथेटर जेमतेम दीड-पावणेदोन मिलिमीटर जाडीचा असतो. हृदय, मूत्रपिंड, पित्तनलिका, गळवे अशा कितीतरी ठिकाणी आज जी नळी घातली जाते, ती याच क्रमाने घातली जाते.

रुग्णाला झोपवून, जांघेची किंवा मनगटाची जागा बधिर करून ही कृती करतात. तो जागा असतो व डॉक्टर सांगतील तेव्हा श्वास रोखून धरतो. कॅथेटरचे टोक विशिष्ट आकारात वळवलेले असते. पडद्यावर क्ष-किरणांनी दिसणारी त्याची छाया पाहत तज्ज्ञ ते फिरवतो आणि इच्छित शाखेच्या मुखात अडकवतो. रोहिणीला आतून स्पर्शसंवेदना नसल्याने नळी फिरताना रुग्णाला काही जाणवत नाही. द्रव्य सोडताच सेकंदाला अनेक चित्रे घेतली जातात. द्रव्य येण्यापूर्वीचे चित्र नंतरच्या चित्रातून वजा केले, तर हाडे व आतड्यातील वायू नाहीसे होऊन केवळ वाहिन्या उरतात. ही कल्पना हॉलंडमधील झीदसेस देस प्लांटेस यांनी १९३० नंतरच्या दशकात छायाचित्रांच्या फिती एकमेकींवर ठेवून साधली होती. १९८० च्या सुमारास संगणकाने तीच वजाबाकी क्षणार्धात करण्यास प्रारंभ केला. कृती संपल्यावर टोचलेली जागा दाबून धरतात, आणि जांघेतून केली असल्यास रुग्णाला काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावे लागते. रक्त साकळून गाठ येणे हा सर्वांत नित्याचा उपद्रव होय. कॅथेटरने रोहिणीचे अस्तर सोलले जाणे, गुठळी सुटून पुढे अडकणे, द्रव्याची तीव्र प्रतिक्रिया येणे हे उपद्रव विरळ, पण गंभीर असतात. ज्यांची मूत्रपिंडे आधीच दुबळी आहेत, विशेषतः मधुमेहामुळे, त्यांना या द्रव्याने अधिक इजा होऊ शकते. म्हणून रक्तातील क्रिएटिनिनाची तपासणी आधी करतात.

गाठ आपल्या वाहिन्यांवरून ओळखावी

उदरातील महारोहिणीच्या पुढील बाजूने तीन मोठ्या शाखा निघतात. पहिली जठर, यकृत व प्लीहा यांना रक्त पुरवते; दुसरी लहान आतड्याला व मोठ्या आतड्याच्या पूर्वार्धाला; तिसरी उरलेल्या मोठ्या आतड्याला. दोन्ही बाजूंना मूत्रपिंडांच्या रोहिण्या निघतात. या वृक्षाचा नेहमीचा आकार ज्याच्या डोळ्यांत बसला आहे, त्याला त्यातील बिघाड लगेच कळतो.

कित्येक अर्बुदे वाढताना स्वतःसाठी नव्या वाहिन्या तयार करवून घेतात. या वाहिन्या वेड्यावाकड्या असतात, पुढे जाताना निमुळत्या होत नाहीत, मध्येच फुगतात. रोहिणीतील रक्त केशिकांना वळसा घालून थेट नीलेत शिरते, म्हणून नीला वेळेआधीच भरलेली दिसते. द्रव्य गाठीत रेंगाळते व तेथे डाग पडल्यासारखी छाया राहते. मूत्रपिंडाच्या कर्करोगात हे चित्र इतके ठळक असते, की पाण्याने भरलेली निरुपद्रवी पुटी व कर्करोग यांतील भेद अनेकदा त्यावरून होत असे; पुटीत वाहिन्या नसतातच. शंका उरल्यास रोहिणीत किंचित ॲड्रेनॅलिन सोडत. निरोगी रोहिण्या आकसत. अर्बुदाच्या वाहिन्यांच्या भित्तीत धड स्नायूच नसल्याने त्या बहुधा तशाच राहत. स्वादुपिंडाचा नेहमीचा कर्करोग याच्या उलट वागतो. त्यात नव्या वाहिन्या थोड्या. परंतु तो शेजारच्या रोहिणीला विळखा घालून तिला करवतीच्या दात्यांसारखी खरबरीत करतो. इन्सुलिन निर्माण करणारी त्याच अवयवातील लहानशी गाठ मात्र हरभऱ्याएवढी असूनही गडद ठिपक्यासारखी उठून दिसू शकते. अधिवृक्कातील ॲड्रेनॅलिन स्रवणाऱ्या गाठीच्या बाबतीत मोठी सावधगिरी लागते. तिच्या रोहिणीत द्रव्य सोडल्याने रक्तदाब एकाएकी भडकून प्राणावर बेतू शकते.

हे सर्व भूतकाळात लिहावे लागते, याला कारण आहे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या एका रुग्णालयात हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे संगणकीय छेदचित्र घेण्यात आले. पुढे पोटाची छेदचित्रे व ध्वनिलहरींची चित्रे मिळू लागली, आणि गाठ शोधण्यासाठी रोहिणीत नळी घालण्याचे प्रयोजन उरले नाही. आज हाताच्या नीलेत द्रव्य टोचून काही सेकंदांत घेतलेल्या सीटी स्कॅनवरून महारोहिणी व तिच्या शाखा कोणत्याही कोनातून पाहता येतात. निदानासाठी कॅथेटर क्वचितच लागतो. वास्तविक एवढ्यावर अँजिओग्राफीचा इतिहास संपावयास हवा होता. तो संपला नाही, कारण चित्रासाठी नेलेली नळी औषधही नेऊ शकते, रोहिणी रुंदही करू शकते व बुजवूही शकते.

अरुंद वाट रुंद करणे

१९६४ च्या जानेवारीत अमेरिकेतील पोर्टलंड येथे ८२ वर्षांच्या एका स्त्रीला रुग्णालयात आणले होते. तिच्या डाव्या पायाची बोटे काळी पडू लागली होती. पाय कापणे हाच उपाय डॉक्टरांनी सुचवला होता आणि तिने तो ठामपणे नाकारला होता. मांडीतील रोहिणी एका आखूड जागी अत्यंत अरुंद झाल्याचे चित्रात दिसले. चार्ल्स डॉटर यांनी १६ जानेवारी रोजी तेथून तार पार केली आणि तारेवरून क्रमाक्रमाने अधिक जाड नळ्या सारून ती जागा रुंद केली. पाय पुन्हा उबदार झाला. ती स्त्री पुढे सुमारे अडीच वर्षांनी वारली, तोवर ती आपल्या दोन्ही पायांवर चालत होती.

थोडेसे रुंदीकरणही एवढे फलदायी का ठरते, हे नलिकेतील प्रवाहाच्या नियमावरून समजते. इतर गोष्टी समान असता प्रवाह त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात असतो; त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह सोळावा हिस्सा उरतो. रोहिणी ही काही ताठ नळी नव्हे, आणि शेजारच्या लहान वाहिन्या रुंदावून मदतीस येतात, म्हणून हा हिशेब शरीरात तंतोतंत लागू पडत नाही. पण दिशा तीच असते.

डॉटर यांच्या देशबांधवांनी त्यांची पद्धत फारशी मनावर घेतली नाही. ती रुजली ती जर्मनीत व स्वित्झर्लंडमध्ये. झ्युरिक येथील आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी जाड नळ्यांऐवजी टोकाशी लांबट फुगा असलेला कॅथेटर घडवला. फुगा मिटलेला असताना तो बारीक भोकातून जातो आणि नेमक्या जागी पोचल्यावर फुगवता येतो. त्यांनी तो १९७४ मध्ये पायाच्या रोहिणीत व १६ सप्टेंबर १९७७ रोजी हृदयाच्या रोहिणीत वापरला. पुढे रुंद केलेली जागा पुन्हा मिटू नये म्हणून धातूची जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, बसवण्याची पद्धत आली.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने येथे दोन विकारांचा विशेष उल्लेख आवश्यक आहे. रोहिणीविलेपी विकार, म्हणजे मेदाचे थर साचून वाट अरुंद होणे, हा उतारवयाचा व सर्व देशांत आढळणारा विकार. परंतु विडी किंवा सिगारेट ओढणाऱ्या तरुण पुरुषांत पायांच्या, कधी हातांच्याही, लहान रोहिण्या दाहाने व गुठळ्यांनी बंद पडतात. बर्गर यांच्या नावाने हा विकार ओळखला जातो. चित्रात त्याच्या पर्यायी वाहिन्या बुचे काढण्याच्या स्क्रूसारख्या पिळदार दिसतात. येथे फुगा फारसा उपयोगी पडत नाही, कारण बंद पडलेल्या वाहिन्या फार बारीक व दूरवरच्या असतात. तंबाखू पूर्णपणे सोडणे हाच पाय वाचवण्याचा मुख्य मार्ग होय. दुसरा विकार जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासु यांनी १९०८ मध्ये वर्णिला. त्यात महारोहिणी व तिच्या मुख्य शाखांच्या भित्तींना सूज येऊन त्या आकसतात. तो बहुधा तरुण स्त्रियांना होतो. मनगटाची नाडी लागत नाही, आणि मूत्रपिंडाची रोहिणी सापडली असल्यास रक्तदाब भलताच वाढतो. हे असे का होते, याचा उलगडा हॅरी गोल्डब्लाट यांनी १९३४ मध्ये केला होता. कुत्र्याच्या मूत्रपिंडाची रोहिणी चिमट्याने आवळली असता त्याचा रक्तदाब चढतो, असे त्यांनी दाखवले. रक्त कमी मिळालेले मूत्रपिंड सर्व शरीराचा दाब कमी आहे असे समजून तो वाढवणारी द्रव्ये सोडते. आशिया खंडात, भारतातही, तरुणांतील अशा रक्तदाबामागे ताकायासु यांचा विकार हे एक प्रमुख कारण आहे. विशी-पंचविशीतील स्त्रीचा रक्तदाब औषधांना दाद देत नसेल, तर दोन्ही हातांची नाडी व दाब तपासून पाहणे हे कोणत्याही महागड्या यंत्राआधी करावयाचे काम आहे. दाह औषधांनी शमवल्यानंतर फुग्याने रोहिणी रुंद केल्यास अशा अनेक रुग्णांचा दाब उतरतो. मेदाच्या थरांमुळे मूत्रपिंडाची रोहिणी अरुंद झालेल्या वृद्धांची गोष्ट वेगळी. २००९ व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत त्यांना स्टेंटमुळे औषधांहून अधिक लाभ झाल्याचे दिसले नाही. चित्रात अरुंद जागा दिसली की ती रुंद करण्याचा मोह आवरावा लागतो, तो असा.

वाट बुजवणे

रोहिणी बंद पडणे हा रोग. परंतु योग्य जागी ती मुद्दाम बंद करणे हा उपचार होऊ शकतो. जठरातून किंवा आतड्यातून रक्त वाहत असेल, तर द्रव्य रोहिणीतून बाहेर झिरपताना दिसते. मिनिटाला अर्धा मिलिलिटर एवढा मंद स्रावही चित्रात सापडू शकतो, हे १९६३ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले होते. १९७२ मध्ये रोश, डॉटर व ब्राउन यांनी जठरातील रक्तस्राव थांबवण्यासाठी रुग्णाच्याच रक्ताची गुठळी कॅथेटरमधून सोडून ती शाखा बंद केल्याचे प्रसिद्ध केले. गुठळी लवकर विरघळते. म्हणून काही आठवडे टिकणारा जिलेटिनाचा स्पंज, कायम टिकणारे प्लॅस्टिकचे कण, क्षणात घट्ट होणारा डिंकासारखा द्रव असे पदार्थ आले. जियांतुर्को यांनी १९७५ मध्ये पोलादी तारेच्या गुंडाळीत लोकरीचे धागे गुंफले, ते लोकरीभोवती रक्त लवकर साकळावे म्हणून. शस्त्रक्रियेच्या टेबलावर दगावण्याइतका अशक्त झालेला रुग्ण या मार्गाने वाचू शकतो. जठराला अनेक रोहिण्यांचे रक्त मिळत असल्याने तेथे हे बरेच निर्धोक असते. आतड्यात मात्र अगदी लहान शाखाच बुजवावी लागते, नाहीतर आतड्याचा तुकडा मरतो.

यकृताच्या अर्बुदात या उपचाराला निसर्गाचीच एक सोय लाभली आहे. यकृताला रक्त दोन वाटांनी येते: सुमारे तीन चतुर्थांश आतड्यांकडून येणाऱ्या प्रवेशिका नीलेतून व उरलेले रोहिणीतून. यकृतातच उद्भवणारा कर्करोग मात्र जवळजवळ सर्व रक्त रोहिणीतून घेतो. तेव्हा त्या रोहिणीची शाखा बुजवली, तर गाठ उपाशी पडते आणि यकृत नीलेच्या रक्तावर तग धरते. जपानमध्ये ओसाका येथील यामादा व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या १२० रुग्णांवर हा उपचार केल्याचे १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे खसखशीच्या तेलाला आयोडीन जोडून केलेल्या लिपिओडॉल या जुन्या द्रव्यात कर्करोगविरोधी औषध घोटून प्रथम ते सोडावे व मग रोहिणी बुजवावी, अशी रीत पडली. हे तेल गाठीत साचून राहते, त्यामुळे औषध तेथे अधिक काळ टिकते आणि चित्रात गाठ दिसतही राहते. रुग्ण यामुळे खरोखर अधिक काळ जगतात काय, याविषयी दीर्घकाळ वाद होता. २००२ मध्ये बार्सेलोना व हाँगकाँग येथील चाचण्यांनी निवडक रुग्णांच्या बाबतीत होकारार्थी उत्तर दिले.

‘निवडक’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. यकृताचा कर्करोग बहुधा आधीच जून विकाराने कठीण झालेल्या यकृतात होतो. हिपॅटायटिस बी व सी यांचे विषाणू आणि मद्य ही त्याची नेहमीची कारणे. यकृत जेमतेम काम करत असेल, कावीळ चढली असेल किंवा गाठीने प्रवेशिका नीलेची मुख्य वाट अडवली असेल, तर रोहिणीही बंद केल्याने उरलेले यकृतच संपुष्टात येते. अशा रुग्णाला उपचार न देणे हाच अधिक शहाणा निर्णय असू शकतो, आणि तो नातेवाइकांना समजावून सांगणे ही सोपी गोष्ट नव्हे. नीला अडलेली असूनही यकृताचे काम बऱ्यापैकी चालू असलेल्या काही रुग्णांना यिट्रियम-९० चे सूक्ष्म मणी याच वाटेने दिले जातात. ते रोहिणी फारशी बुजवत नाहीत, तर आतून किरणांचा मारा करतात. थोरोट्रास्टप्रमाणे हेही किरणोत्सर्गी कण यकृतात कायमचे राहतात. फरक एवढाच की यिट्रियमाचा अर्धायुकाल अवघा ६४ तासांचा असल्यामुळे काही आठवड्यांत त्यांतील उत्सर्ग जवळजवळ संपलेला असतो.

रोहिणी बुजवल्यानंतर बहुतेक रुग्णांना काही दिवस ताप, पोटदुखी व मळमळ होते. हा मरणाऱ्या गाठीचा परिणाम असतो. चार ते सहा आठवड्यांनी सीटी स्कॅन करून गाठीचा कोणता भाग अद्याप द्रव्य घेतो ते पाहतात. जिवंत राहिलेला भाग स्वस्थ बसत नाही. यकृताची वाट बंद झालेली पाहून तो श्वासपटलाच्या किंवा बरगड्यांमधील रोहिण्यांतून नवे फाटे ओढून घेतो. तेव्हा पुन्हा कॅथेटर घालून प्रथम या नव्या वाटा शोधाव्या लागतात, आणि यकृत जोवर सोसू शकते तोवर हे काम पुनःपुन्हा करावे लागते.